पाखरांची हजेरी

सांगलीची थंडी ती काय! डिसेंबरात पहाटे अंगावर एक स्वेटर आणि कानाला मफलर. नऊ वाजले की दोन्ही हातात घेऊन फिरायचे. आमचे बालपण साताऱ्यात गेले. तिथे अजिंक्यताऱ्यावरून उतरणारा वारा रजईच्या आत शिरायचा. त्यामुळे सांगलीकर ‘यंदा कडाका आहे’ म्हणाले की आम्हाला हसू येते. पण याच बेताच्या थंडीसाठी हजारो मैलांवरून पाहुणे येतात आणि शहरातल्या आमराईत उतरतात, हे कळायला आम्हाला तिशी ओलांडावी लागली.

‘आम्ही’ म्हणजे आम्ही एकटेच. घरात ‘हम’ म्हणायची सवय. मराठीत लिहायला बसलो की त्याचे आपोआप ‘आम्ही’ होते. त्यात बडेजाव नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेतला बी.एड. झालेला मास्तर बडेजाव कशाच्या जोरावर करणार?

बी.एड.ला असताना आम्ही ‘परिसरातील पक्षी’ या विषयावर प्रकल्प केला होता. तीस पानांचा, रंगीत चित्रे चिकटवलेला. मार्कही चांगले पडले. कबूल करायला हरकत नाही, त्या तीस पानांसाठी आम्ही एकदाही मान वर करून झाडाकडे पाहिले नव्हते. सगळे पक्षी ग्रंथालयातून आणले आणि ग्रंथालयातच परत केले.

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अब्बा गेले. त्यानंतर फजरची नमाज झाली की घरात बसवेना. पाय आमराईकडे वळू लागले. आमराई ही संस्थानकाळातली बाग. आंब्याची जुनी झाडे, त्यांच्यामधून फिरायची वाट, आणि त्या वाटेवर रक्तदाब, साखर आणि निवृत्तिवेतन यांवर बोलत चाललेली मंडळी. आम्ही कोणाशी बोलत नव्हतो. माणसांशी बोलायचे नसले की माणूस वर बघतो. वर पाखरे होती.

जुन्या बाजारातून एक दुर्बीण घेतली. तिचे एक भिंग धुरकट आहे. डावा डोळा मिटून पाहिले की सगळे स्वच्छ दिसते. पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीत, एका झाडाखाली असेच डावा डोळा मिटून उभे होतो. फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले. त्यांनी आमच्या दाढीकडे पाहिले, दुर्बिणीकडे पाहिले, मग बागेच्या भिंतीपलीकडच्या घरांकडे पाहिले.

“काय बघताय?”

“पक्षी.”

“कुठला?”

“तेच कळत नाही.”

त्यांनी नाव विचारले. आम्ही सांगितले. त्यानंतर थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. असा थोडा वेळ आमच्या वाचकांनीही कुठे ना कुठे काढलेला असेल. त्याचे वर्णन करायला नको. तेवढ्यात वरून आवाज आला, टुक्‌ टुक्‌ टुक्‌, भांड्यावर हातोडी पडावी तसा. गृहस्थांचा चेहरा एकदम बदलला. “अहो, तांबट आहे तो! ती वाळकी फांदी बघा, टोकाला.” आम्ही दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळ्याला लावली आणि म्हणाले, “हिचं एक भिंग गेलंय की.” त्या दिवसापासून ते आमचे काका झाले, आणि दुर्बिणीवर त्यांचा अर्धा हक्क झाला.

काकांनी आम्हाला मराठी नावे दिली. शेपटी उभारून शीळ घालतो तो दयाळ. पानांची टोके शिवून घरटे करतो तो शिंपी. पाण्याकाठी निळा पंख पसरून जातो तो खंड्या. ही नावे म्हणजे जणू एखाद्या गावाची आळी! तांबट आहे, शिंपी आहे, परीट आहे, सुतार आहे. आम्ही साताऱ्यात जन्मलो, सांगलीत पोट भरतो, बाजारात मराठीत भाव करतो. पण या आळीतली एकाही घराची ओळख आम्हाला नव्हती.

आमची पाखरे वेगळी होती. ती पुस्तकात राहायची. उर्दू शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, इक्बालांची ‘हमदर्दी’ त्याला पाठ असते. त्यातला एकटा, उदास बुलबुल आम्ही लहानपणी पाठ केला आणि मोठेपणी मुलांकडून पाठ करून घेतला. एकदा आमराईत एका मुलाला खराखुरा बुलबुल दाखवला. डोक्यावर काळा तुरा, बुडाशी लाल ठिपका, आणि फांदीवर चाललेले भांडण. मुलगा म्हणाला, “सर, ये तो झगडा कर रहा है. किताबवाला बुलबुल कहाँ है?” प्रश्न बरोबर होता. फारसी आणि उर्दू शायरीतला बुलबुल हा रात्री गाणारा वेगळाच पक्षी. तो महाराष्ट्रात येत नाही. आपण नाव तिकडून आणले आणि इथल्या लालबुड्याला लावले. वर त्याला गाता येत नाही म्हणून नाक मुरडले.

पण उलटेही घडले. ‘ममोला’ हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे शिकवला. इक्बालांच्या कवितेतला तो इवलासा पक्षी, ज्याला शहाबाजासमोर उभे केले आहे. मुले विचारायची, ममोला म्हणजे काय? आम्ही सांगायचो, एक लहान कमजोर पक्षी. पुढे चला. एका जानेवारीत कृष्णेच्या घाटावर काका एका काळ्या-पांढऱ्या पाखराकडे बोट दाखवून म्हणाले, “परीट. बघा कशी शेपटी आपटतोय, धुणं धुतल्यासारखी.” घरी येऊन चित्र ताडून पाहिले. हाच ममोला! हिवाळ्यात घाटाच्या पायरीवर रोज येत होता, आणि आम्ही त्याला फळ्यावर शोधत होतो. तसाच तिलियर. शब्दकोशात भेटलेला तिलियर म्हणजे आपली भोरडी. ज्वारीच्या हंगामात ढगासारखे थवे येतात आणि शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतो, ती.

हे पाहुणे का येतात? मध्य आशियात आणि हिमालयाच्या वर थंडीत जमीन गोठते आणि किडे दिसेनासे होतात. किड्यांवर जगणाऱ्या पाखराने तिथे खावे काय? आपल्याकडे मात्र डिसेंबरातही पानाखाली किडा असतो, वड-उंबराला फळ असते, नदीला पाणी असते. म्हणून भोरडी मध्य आशियातून येते. जेमतेम दहा ग्रॅमचा वटवट्या हिमालय मागे टाकून येतो. थिरथिरा येतो, त्याचे नाव उर्दूतही थिरथिराच, त्याला दोन नावांची गरज पडली नाही. सांगलीकरांना जो कडाका वाटतो, त्याच्यावर ही पाखरे चार-पाच महिने जगतात आणि मार्च-एप्रिलात निघून जातात.

काका म्हणायचे, आधी कान उघडा, मग डोळे. सांगलीच्याच शरद आपटे यांनी पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्याचे मोठे काम केले आहे; ते ऐकून काकांचा कान तयार झाला होता. आम्हीही मोबाइलवर आवाज टिपू लागलो. वही केली. तारीख, पक्षी, संख्या, कुठे दिसला. एके दिवशी वही पाहून अम्मी म्हणाल्या, “ये तो हाजिरी है!” खरेच की. मास्तर आणखी काय करणार? आणि पाखरांची हजेरी घेणे काही हलके काम नाही. सूरह नम्लमध्ये हजरत सुलेमान पाखरांची पाहणी करतात आणि विचारतात, हुदहुद का दिसत नाही? एका गैरहजर पाखराची दखल बादशहाने घेतली. वर्गात पन्नास मुले असताना कोपऱ्यातले एक आले नाही हे ज्याच्या लक्षात येते, तोच मास्तर.

महाराष्ट्रात २०२० पासून पाच ते बारा नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. पाच नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बारा नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. एक सोलापूरचे, एक मुंबईचे. २०२४ मध्ये दिवाळीची सुट्टी संपत आलेली, निवडणुकीच्या कामाची धांदल सुरू, तरी बारा तारखेला आम्ही सहावीची वीस मुले-मुली घेऊन आमराईत गेलोच. झाडाखाली बसवून सलीम अलींची गोष्ट सांगितली. लहानपणीच आई-वडील गेलेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढलेले पोर. छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही खाणे जायज की नाही, हा प्रश्न घेऊन पोर मामाकडे गेले. मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे धाडले. तिथे पेटाऱ्यांमध्ये शेकडो पक्षी नावानिशी ठेवलेले पाहून पोराचे आयुष्य बदलले. तोच पुढे १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे ते प्रसिद्ध पुस्तक लिहिणारा सलीम अली.

मग वह्या वाटल्या. रकाने आखून दिले होते: उर्दू नाव, मराठी नाव, संख्या, कुठे दिसला, शेरा. मुलांना ताकीद दिली, जे डोळ्यांनी दिसेल तेच लिहायचे, पुस्तकातून काही उतरायचे नाही. तीस पानांचा तो प्रकल्प आमच्या मनात होता, पण तो मुलांना सांगितला नाही. तासाभरात बुलबुल, दयाळ, तांबट, साळुंकी, खार (ही खोडून टाकली) अशी हजेरी लागली. एकाने ओरडून सांगितले, “सर, हुदहुद गैरहाजिर!” सगळे हसले. वही आठवडाभर चालू ठेवा, म्हणालो, मोहल्ल्यात दिसतील तेही लिहा.

आठवड्याने आमच्याच गल्लीतली एक मुलगी वही द्यायला घरी आली. अम्मींनी तिला बिस्कीट दिले. ती गॅलरीत जरा रेंगाळली आणि गेली. रात्री वह्या तपासायला घेतल्या. तिची वही सर्वांत नेटकी होती. शेवटची ओळ नव्या शाईने लिहिलेली होती:

‘तोता. पोपट. १. सरांच्या घरी, पिंजऱ्यात.’

शेऱ्याचा रकाना तिने कोरा सोडला होता.

आता मिठूबद्दल सांगायला हवे. २००३ साली साताऱ्यात अब्बांनी तो आणला. टोपलीत दहा-बारा पिल्ले कोंबून एक माणूस दारावर आला होता. झाडाच्या ढोलीतून काढलेली, डोळे नुकते उघडलेली. त्यांतले एक आमच्या घरी आले. बाकीच्यांचे काय झाले ते आम्ही तेव्हा विचारले नाही. अब्बा एस.टी.त कंडक्टर. त्यांनी आयुष्यात हौसेने पाहिलेले रानपक्षी म्हणजे विट्याच्या गाडीतून जाताना मायणीच्या तळ्यावर दिसलेले रोहित. ड्युटीवरून आले की पिंजऱ्यासमोर बसून ते दिवसभराची हकिगत मिठूला सांगायचे. त्यामुळे मिठू मराठी शिकला. आमचे सगळे घर दखनी बोलणारे, त्यात अस्सल सातारी मराठी बोलणारा हा एकटा. दारात कोणी उभे राहिले की म्हणायचा, “पुढं चला, पुढं चला!” आणि रात्री दिवा मालवला की अब्बांच्याच घोगऱ्या आवाजात विचारायचा, “कडी लगायी क्या?”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. पाणी सत्तावन्नवर गेले. आम्ही माडीवर अडकलो होतो. नाव आली तेव्हा तिच्यातला तरुण म्हणाला, “फक्त माणसं, सामान नाही.” अब्बा पिंजरा डोक्यावर घेऊन उभे. म्हणाले, “सामान नाही भाऊ, याचं हाफ तिकीट आहे.” त्या पुरात, त्या अंधारात तो मुलगा हसला आणि त्याने हात पुढे केला. मिरजेला फुफीच्या घरी आम्ही बकरी ईद केली, तेव्हा पिंजरा तिच्या कपाटावर होता.

अब्बा गेले, तेव्हा मिठू बरेच दिवस गप्प होता. नंतर एका रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, “कडी लगायी क्या?” अम्मी उठल्या. दाराला कडी लागलेलीच होती. ती काढून त्यांनी पुन्हा लावली. त्यानंतर रोज रात्री हेच. आम्ही पांघरुणातून ऐकत राहायचो.

हे सगळे त्या मुलीला ठाऊक नव्हते. तिने फक्त कुठे दिसला ते लिहिले. जे डोळ्यांनी दिसेल तेच लिहा, असे आम्हीच सांगितले होते.

शाळेत आम्ही याच मुलांना ‘परिंदे की फ़रियाद’ शिकवली होती. पिंजऱ्यातले पाखरू बागेची आठवण काढून रडते, ती नज्म. तिचे रसग्रहण आम्ही इतके छान सांगतो, की मागच्या बाकावरची मुलेही गप्प होतात. ते सांगून घरी यायचे आणि पिंजऱ्याच्या वाटीत भिजवलेली डाळ टाकायची! एकवीस वर्षे या दोन गोष्टींची आमच्या डोक्यात कधी गाठ पडली नव्हती.

एका सहकाऱ्याशी बोललो. ते म्हणाले, पाखरू पाळणे नाजायज नाही. अबू उमैर नावाच्या मुलाचे पाखरू मेले तेव्हा हुजूरांनी त्याची विचारपूस केली, ही हदीस आहे. फक्त उपाशी ठेवू नये. त्यांचे म्हणणे खरे होते. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे देशी पोपट घरात ठेवणे गुन्हा आहे, हेही खरे होते. आणि आमची अडचण या दोन्हींच्या पलीकडची होती. शेऱ्याच्या कोऱ्या रकान्यात आम्ही काय लिहायचे?

काकांना विचारले, “पिंजरा उघडून दिला तर?” ते घाईने म्हणाले, “तसं करू नका. एवढी वर्षं कोंडलेला पक्षी आहे. त्याला खाणं शोधता येत नाही, उडायला पंखात बळ नाही, मांजर-घार ओळखता येत नाही. दोन दिवसांत मरेल, आणि तुम्हाला वाटेल आपण पुण्य केलं. वनखात्याला कळवा.” म्हणजे पिंजऱ्याचा दरवाजा उघडून, डोळे पुसून, नज्मेतल्यासारखे मोकळे होण्याची सोय नव्हती. ढोलीतून काढले त्याच दिवशी त्याची बाग संपली होती. आता उरले होते ते फक्त कबूल करणे.

अम्मींना सांगायला चार दिवस लागले. वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना मराठी वाचता येत नाही. उर्दू रकान्यातला ‘तोता’ त्यांनी वाचला, पुढचे आम्ही वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “तेरेकू भी मालूम, उस बच्चीकू भी मालूम. मेरेकू कायकू पूछता?” आणि स्वयंपाकघरात गेल्या. पुढे तीन दिवस हा विषय निघाला नाही. त्या तीन रात्रींत एकदा आम्ही उशाशी मोबाइल चालू ठेवून पडलो. अकरा सेकंद.

चौथ्या दिवशी सकाळी अम्मींनी पिंजरा घासून धुतला, मिठूला एक हिरवी मिरची दिली, पिंजऱ्यावर आपली ओढणी टाकली आणि म्हणाल्या, “चल.” रिक्षात कोणी बोलले नाही. कॉलेज कॉर्नरला गर्दीत रिक्षा अडली तशी ओढणीखालून आवाज आला, “पुढं चला, पुढं चला!” रिक्षावाला वळून बघत हसू लागला. आम्हीही हसलो. अम्मी बाहेर बघत होत्या.

कार्यालयातल्या माणसाने नोंद केली. पक्षी? पोपट. संख्या? एक. किती वर्षांचा? एकवीस. आपणहून आणलात हे बरे केलेत, म्हणाला. मग सहज विचारले, “बोलतो का काही?” आम्ही काही सांगण्याआधी अम्मी म्हणाल्या, “नही.” मिठूही त्या वेळी गप्प राहिला.

यंदाही आमराईत पाहुणे आले आहेत. थिरथिरा त्याच कुंपणावर शेपटी थरथरवतो, वटवट्याचा ‘चक्‌ चक्‌’ झुडपातून येतो. उजाडताना पोपटांचा थवा आंब्यांवरून ओरडत जातो. आधी आम्ही त्यांच्याकडे लक्ष देत नव्हतो. रोजचेच, त्यांची काय नोंद करायची? आता मोजतो. काका विचारतात, किती? आम्ही आकडा सांगतो. ते वहीत लिहितात.

त्या मुलीची वही आम्ही परत केली. शेऱ्यात लिहिले, ‘नोंद बरोबर आहे.’ खाली तारीख टाकून सही केली. तिने ती वाचली, मान डोलावली आणि दप्तरात ठेवून दिली.

मोबाइलमधले अकरा सेकंद तसेच आहेत. अम्मींनी ऐकायला मागितले नाहीत, आम्हीही लावले नाहीत. रात्री दिवा मालवला की थोडा वेळ घर शांत असते. मग अम्मीच अंधारातून विचारतात, “कडी लगायी क्या?”

आम्ही उठतो आणि बघून येतो.